कंदुरीच्या बोकडाचं काळीज

माझ्या पुतण्याच्या कंदुरीच्या बोकडाचं काळीज मी चोरलं. ते पिराच्या निवदात जायचं होतं. ते मी डब्यात घालून सेलूला नेलं आणि साहेबांच्या बैठकीत दारूबरोबर खायला घातलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना स्वतःला सावरून घेण्याचा मोह मला होणार आहे. तसं कुठं झालेलं दिसलं तर वाचणाऱ्यानं ही सुरुवात पुन्हा वाचावी.

तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. सेलूच्या कापूस खरेदी केंद्रावर मी हंगामी कारकून होतो. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की आम्हाला बोलवायचे आणि ऊन तापायला लागलं की घरी पाठवायचे. केंद्रावर प्रतवारी करणारे एक साहेब होते. कोणाचा कापूस कोणत्या प्रतीचा हे ते ठरवत, आणि कोणता हंगामी माणूस पुढच्या साली ठेवायचा यातही त्यांचाच शब्द चाले. त्या हंगामात अशी बोलवा होती की आमच्यातल्या एकाला कायम करणार. आम्ही सगळेच साहेबांच्या मागंपुढं होतो. कोणी त्यांच्यासाठी गावाकडून तूप आणायचा, कोणी हुरडा. माझ्याकडं आणायला तसं काही नव्हतं.

आमचं गाव बोरीच्या पलीकडं, आत. आम्ही शेरडंमेंढरं राखणारी माणसं. थोडी कोरडवाहू जमीन होती, पण घर चालायचं ते मेंढरांवर. वडील मी शाळेत असतानाच गेले. मला परभणीच्या कॉलेजात शिकवलं ते दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं. स्वतः त्यानं काठी आणि घोंगडं सोडलं नाही. त्याला एक मुलगा होता, तीन वर्षांचा. घरात माय होती, दादा, वैनी आणि ते पोर.

साहेब एकदा केंद्रावर चहा पिता पिता सांगत बसले होते. मुंबईत कुठल्याशा क्लबात त्यांनी एक पदार्थ खाल्ला होता. कलेजीचा तुकडा, त्याला बेकनची, म्हणजे डुकराच्या चरबीची पातळ पट्टी गुंडाळलेली, वरून काडी टोचलेली. भाजली की चरबी कुरकुरीत होते आणि आतली कलेजी मऊ राहते. एका घासात एक. "तुमच्या या गावात बसायचं म्हणलं की काय," साहेब म्हणाले, "शेव, चिवडा आणि फुटाणे."

मी म्हणालो, "मी करतो साहेब. माझ्या खोलीवर या."

सगळे हसले. पण मी थट्टा करत नव्हतो. डुक्कर आमच्या घरात चालत नाही, आणि माझ्या खोलीच्या मालकानं तर मला सामानासकट बाहेर काढलं असतं. पण बकऱ्याच्या पोटावर चरबीची एक पातळ जाळी असते, पांढरी, ओढणीसारखी. लहानपणी मेंढरांच्या वाड्यावर जनावर कापलं की दादा त्या जाळीचा तुकडा काढायचा, त्यात गुर्दा गुंडाळायचा, बाभळीच्या काट्यानं टोचायचा आणि निखाऱ्यावर ठेवायचा. पहिला मला द्यायचा. साहेब सांगत होते ते मुंबईचं होतं, पण मला ते ऐकताच ओळखीचं वाटलं. शुक्रवारची संध्याकाळ ठरली.

सेलूतल्या खाटकाला मी काळीज, म्हणजे कलेजी, आणि जाळी दोन्ही सांगून ठेवलं होतं. बुधवारी विचारायला गेलो तर त्यानं हात वर केले. काळीज मोठ्या घरी आधीच सांगितलेलं होतं, आणि जाळी तो कोणाला वेगळी देत नव्हता, मटणाबरोबर तोलात घालायचा. शुक्रवारी तर दुकानच बंद ठेवणार होता. मी घाबरलो. साहेबांनी आणखी दोघांना बोलावून ठेवलं होतं.

आणि गुरुवारी आमच्याकडं कंदुरी होती.

त्याची हकिगत अशी. पावसाळा संपता संपता दादाच्या पोराला तापानं धरलं. उतरायचा, पुन्हा चढायचा. पोर पार वाळून गेलं. वैनीनं माळावरच्या पिराला नवस बोलला, ताप उतरू दे, तुला बोकड देईन. घरातलंच एक काळं बोकड तिनं त्यासाठी वेगळं बांधलं आणि स्वतःच्या हातानं पाला घालून वाढवलं. ताप उतरला. पोर अंगणात बसायला लागलं, भाकरीचा तुकडा चघळायला लागलं. म्हणून कंदुरी ठरली होती.

आमच्याकडची रीत अशी की कंदुरीचं बोकड पिराच्या माळावरच कापायचं, तिथंच शिजवायचं, तिथंच खायचं. त्यातलं हाडूकसुद्धा परत आणायचं नाही. आणि सगळ्यात आधी काळीज वेगळं काढायचं. ज्या आईचा नवस आहे तिनं ते आपल्या हातानं शिजवायचं, मलिद्याबरोबर पिरापुढं ठेवायचं. तो निवद दाखवल्याशिवाय कोणी तोंडात घास घालायचा नाही.

मुलाण्यानं सुरी फिरवली. सोलायचं, कापायचं काम माझ्याकडं होतं. कॉलेजात शिकलो तरी माझा हात बसलेला होता, आणि दादाला त्याचा अभिमान होता. पाहुण्यांना तो सांगत होता, "सायेब झालाय, पर बोकड आजून आमच्यावानीच सोलतोय." माझ्याभोवती कोणी नव्हतं. बाया चुली मांडत होत्या, बाप्ये झाडाखाली बसले होते. मी पोट उघडलं. काळीज मोठं होतं, निरोगी, चकचकीत. त्याच्या खालीच पोटावर ती जाळी पसरलेली.

त्या वेळी मी काय विचार केला हे मला नीट आठवतं. मी विचार केला की पिराला काय कळणार आहे. मी शिकलेला होतो, नवससायास मी मानत नव्हतो. जाळी आणि जवळजवळ सगळं काळीज मी पळसाच्या पानात गुंडाळलं आणि माझ्या पिशवीतल्या डब्यात ठेवलं. निवदाच्या पातेल्यात मी तिल्ली आणि फुप्फुस बारीक चिरून घातलं. तिल्ली काळजासारखीच काळी दिसते. वर दिसायला म्हणून काळजाचे तीन-चार तुकडे ठेवले. पातेलं वैनीच्या हातात दिलं. ती म्हणाली, "झालं का भाऊजी? द्या." मी दिलं.

जेवण झाल्यावर मी ड्युटीचं निमित्त सांगून निघालो. दादा बोरीपर्यंत सोडायला आला. पोर त्याच्या खांद्यावर होतं. माझी पिशवीही दादानंच धरली होती.

शुक्रवारी दुपारी मी खोलीवर सगळं मांडलं. थंडीचे दिवस, काळजाला मीठ-हळद लावून डबा रात्रभर ओल्या फडक्यात ठेवला होता, ते चांगलं राहिलं होतं. काळजाचे अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे केले. लसूण, हिरवी मिरची आणि मीठ पाट्यावर वाटून त्यांना चोळलं, वर चिमूटभर काळा मसाला. जाळी कोमट पाण्यात टाकली की सैल होते. ती उपड्या ताटावर पसरून चार बोटं रुंदीच्या पट्ट्या कापल्या. एका पट्टीत एक तुकडा, दोन वेढे, आणि बाभळीचा काटा आरपार. काटे आधी साल खरवडून उकळत्या पाण्यातून काढले होते. शेगडीवर लोखंडी तवा तापवला आणि तेलाचा थेंबही न घालता तुकडे ठेवले. चरबी आपली आपण सुटते. एका बाजूनं लाल झाले की उलटायचे. जाळी काळजाला चिकटून बसते, तिची नक्षी उमटते. करायला काहीच अवघड नाही. वरून लिंबू आणि कांद्याच्या चकत्या.

संध्याकाळी बैठक बसली. साहेबांनी पहिला तुकडा खाल्ला आणि काही न बोलता दुसरा उचलला. मग म्हणाले, "हे मुंबईपेक्षा बरं झालंय. कलेजी कुठून आणलीस एवढी ताजी?"

"गावाकडून," मी म्हणालो.

माझ्याबरोबरचा एक हंगामी कारकून होता, हुरडा आणणारा. तो म्हणाला, "साहेब, काटा तेवढा गिळू नका. ह्याला कायम करायच्या आधी तुम्हीच जायचात." साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. त्या संध्याकाळी मी फार खुशीत होतो, हे लिहायला हवं. ताट रिकामं झालं तेव्हा तव्यावर उरलेला शेवटचा तुकडा मी खाल्ला.

पुढच्या आठवड्यात पोराचा ताप उलटला.

नामांतराच्या वादाची ती वर्षं. कधी बंद, कधी रास्ता रोको, कधी एस.टी.च्या काचा फुटायच्या. आमच्या गावात वस्तीतल्या माणसांशी गावातल्या माणसांनी बोलणं टाकलं होतं. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी पोचेल की नाही हे कोणी सांगू शकत नसे. पोर तापानं फणफणलं त्या दिवशीही गाड्या बंद होत्या. दादानं एक दिवस वाट बघितली, दुसऱ्या दिवशीही गाडी नाही म्हटल्यावर बैलगाडी जुंपून बोरी गाठली. तिथून एका टेंपोवाल्याच्या हातापाया पडून ते परभणीला सरकारी दवाखान्यात पोचले. डॉक्टरांनी टायफाइड उलटल्याचं सांगितलं. आतड्याला भोक पडलं होतं. आधी आणायला पाहिजे होतं, म्हणाले. पोर तिथंच गेलं. मला निरोप मिळाला तोवर त्याला मातीही दिली होती.

दहावा झाल्यावर घरातली आणि भावकीतली माणसं ओसरीवर बसली होती. मी खांबाला टेकून बसलो होतो, दादा माझ्या शेजारी. म्हातारी माणसं तेच तेच विचारत होती. ताप तर उतरला होता. नवस तर फेडला होता. मग उलटला कामून? एक म्हातारा म्हणाला, कंदुरीत काहीतरी चुकलं आसंल. बोकडात काही खोड होती का, मुलाण्यानं नीट केलं का, असं सगळं निघालं. प्रत्येक प्रश्नाला मला वाटायचं, आता काळजाचं निघेल.

वैनी दाराच्या आत बसली होती. ती उठून चौकटीपाशी आली आणि म्हणाली, "चूक माझी हाय."

ती खाली बघून बोलत होती, पण आवाज स्पष्ट होता. कंदुरीच्या दिवशी सकाळीच तिला कळलं होतं की ती बाहेरची झाली आहे. अशा वेळी बाईनं निवदाला हात लावायचा नसतो. पण बोकड बांधलेलं, पाहुणे आलेले, कंदुरी पुढं ढकलायची कशी. तिनं कोणाला सांगितलं नाही आणि निवद शिजवला. "म्हणलं, लेकराचं काम हाय, पीर समजून घील," ती म्हणाली. "पर तिथं माळावरच मला खूण पटली होती. मी गप ऱ्हायले."

कसली खूण ते कोणी विचारलं नाही. माय उठली, वैनीच्या पुढं जाऊन उभी राहिली. तिनं हात उगारला नाही, की आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "तू खाल्लंस माझं लेकरू."

दादानं डोक्याचा रुमाल काढून तोंडावर घेतला.

मला बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलं नाही. माझ्या मनात काय चाललं होतं तेही सांगतो. पोर टायफाइडनं गेलं हे मला माहीत होतं. विटाळानं कोणी मरत नाही आणि काळीज कमी पडल्यानंही मरत नाही. तेव्हा माझं सांगणं कशाला, असा मी हिशेब केला. सांगून पोर परत येणार नाही. आणि साहेबांनी त्याच आठवड्यात माझं नाव वर पाठवलं होतं. शिकलेल्या माणसाला स्वतःला फसवायला असं शहाणपण फार कामी येतं. पण ओसरीवर बसलेल्या कोणाच्या मनात टायफाइड नव्हता. त्यांना कारण पाहिजे होतं आणि वैनीनं स्वतःला पुढं केलं होतं.

मला कायम केलं. पुढच्या साली माझं लग्न झालं.

त्यानंतर आमच्या घरात सणाचा स्वयंपाक वैनीच्या हाताला लागला नाही. मायनं तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण पोळ्याला, दसऱ्याला वैनी आपणहून उंबऱ्याबाहेर जाऊन बसायची, भांडी घासायची, शेरडांना पाणी दाखवायची. निवदाचं ताट माझ्या बायकोच्या हातात आलं. नवी सून, तिला मान मिळाला म्हणून ती खूश होती. तिला काय माहीत. वैनीनं मटण खायचं सोडलं. करून घालायची, पण तोंडात घालायची नाही. तिला पुन्हा मूल झालं नाही, आणि त्याचंही खापर त्याच दिवसावर फुटलं.

माझ्या मुलीचं बारसं होतं तेव्हा वैनी आली आणि दारातच उभी राहिली. माझी बायको म्हणाली, "जाऊबाई, या की, पाळण्यात तुमीच घाला." वैनी म्हणाली, "माजा हात नगं." बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. मुलीला पाळण्यात शेजारणीनं घातलं.

आणि तो पदार्थ माझ्या मागं लागला. साहेबांनी जिकडंतिकडं सांगून ठेवलं होतं. कोणाची बदली झाली, कोणाला बढती मिळाली की माझ्याकडं निरोप यायचा, ते काट्याचं करा. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, म्हणून मी करत राहिलो. जाळी पसरायची, पट्ट्या कापायच्या, वेढे द्यायचे. लोक बोटं चाटायचे. मी स्वतः त्या पहिल्या संध्याकाळनंतर एकही तुकडा खाल्ला नाही. कोणी विचारलं तर सांगायचो, करणाऱ्याला वासानंच पोट भरतं. त्यावरही हसू व्हायचं.

माय गेली. जाताना तिनं सगळ्यांना जवळ बोलावलं, वैनीलाही. वैनीनं तिच्या तोंडात पाणी घातलं आणि मायनं ते गिळलं नाही. ते ओठाच्या कडेनं खाली आलं. कदाचित गिळण्याची ताकद उरली नसेल. पण वैनी त्या वेळी माझ्यासमोर होती आणि तिला काय वाटलं ते मी बघितलं.

मग मुलीला बँकेत नोकरी लागली. तिनं तिच्या मैत्रिणींना आणि आमच्या काही नातेवाइकांना सेलूच्या घरी बोलावलं. दादा-वैनी आदल्या दिवशी आले. मुलगी म्हणाली, बाबा, तुमचं ते काट्याचं कराच. स्वयंपाकघरात मी ताट उपडं घालून बसलो. बायको बाहेरच्या तयारीत होती. वैनी आत आली, माझ्यासमोर पाट घेऊन बसली आणि न विचारता काटे खरवडायला लागली. तिचे केस पांढरे झाले होते. तिच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त सराव असल्यासारखं ती एकेक काटा टोचत होती.

"हे तुमच्या दादांनी शिकीवलेलं ना?" ती म्हणाली. "ते सांगतेत कवा कवा. वाड्यावर तुमाला पहिला द्यायचे म्हणं."

"हो."

"लय नाव झालं तुमचं ह्याच्यात. साहेबलोकांत पयल्यांदा कवा केलं हो तुमी?"

तिनं सहज विचारलं होतं. तिच्या बोटांत काटा होता आणि मी गुंडाळलेला तुकडा तिच्यापुढं धरलेला होता. याआधी मला कोणीच असं सरळ विचारलं नव्हतं, आणि खोटं बोलायला मला काहीतरी बनवावं लागलं असतं. मी म्हणालो, "आपल्या कंदुरीच्या दुसऱ्या दिवशी. काळीज तेच होतं वैनी. निवदाचं. मी काढून नेलं होतं."

तिनं तो तुकडा माझ्या हातातून घेतला, काटा टोचला आणि ताटात ठेवला. मग हात थांबले.

"समदं?"

"तीन-चार तुकडे ठेवले होते वर. खाली तिल्ली अन् फुप्फुस होतं."

बाहेर मुलींचे आवाज येत होते. मग ती अगदी हळू बोलायला लागली, माझ्याशी नाही, त्या ताटाशी बोलल्यासारखं. म्हणाली, "मी पातेल्यात बगितलं होतं. शिजल्यावर. येवढं दांडगं बोकड, माज्या हातानं वाढीवलेलं, अन् काळीज दिसंना. पळी घालून बगितलं. मला वाटलं, माज्या विटाळानं आटलं. पिरानं घेतलंच न्हाई. तवाच मला कळलं, लेकरू हाती लागत न्हाई."

ती खूण ही होती. त्या दिवशी ओसरीवर तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत मीही विचारलं नव्हतं. मी समजत होतो की वैनी तिच्या चुकीचं ओझं वाहते आहे आणि माझी चूक तिच्या शेजारी गुपचूप पडून आहे. तसं नव्हतं. पातेल्यात काळीज असतं तर तिनं स्वतःला दोषी मानलंच नसतं. पीर समजून घेईल यावर तिचा विश्वास होता. तो विश्वास मी तिच्या पातेल्यातून काढून नेला होता. दवाखान्याच्या वाटेवर, बैलगाडीत, पोराला मांडीवर घेऊन ती बसली होती तेव्हाही तिला पोर जाणार हे ठाऊक होतं. तिनं ते दोन दिवस कसे काढले असतील, ते मला त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा दिसलं.

"म्हंजी ते आटलं न्हवतं," ती म्हणाली.

"न्हाई वैनी."

तिनं पदरानं तोंड पुसलं. रडली नाही. मी म्हणालो, "मला माफ करा." ते शब्द माझ्याच कानाला हलके वाटले.

"इथं चुलीपुढं मागितलेल्या माफीचं मी काय करू भाऊजी?" ती म्हणाली. "मी ओसरीवर बोलले होते. समद्यासमोर. दाराआडून न्हाई बोलले."

मग तिनं उरलेले काटे माझ्याकडं सरकवले, उठली आणि मोरीत हात धुतले. त्या संध्याकाळी सगळे तुकडे मी भाजले. सगळे संपले. मुलीची एक मैत्रीण म्हणाली, काका, याची रेसिपी द्या ना. मी सांगितली. दादा कोपऱ्यात बसून एकेक तुकडा खात होता आणि बाजूच्या माणसाला वाड्यावरच्या गोष्टी सांगत होता.

दुसऱ्या दिवशी ते गावी गेले. वैनीनं जाताना मला काही आठवण करून दिली नाही, पुढंही कधी दिली नाही. आणि मी लगेच गेलो असंही नाही. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या. दर आठवड्याला मी ठरवायचो आणि दर आठवड्याला काहीतरी काम निघायचं. ज्यांच्यासमोर ती बोलली होती त्यातली निम्मी माणसं मरून गेली होती, याचाही मला आधार वाटायचा. नंतर त्या आधाराचीच भीती वाटायला लागली. उरलेलीही गेली तर मी कोणासमोर बोलणार होतो?

भाद्रपदात मायचं पित्तर होतं. भावकी जेवायला जमली. पत्रावळी मांडल्या. निवदाचं ताट माझ्या बायकोनं वाढलं आणि वैनी उंबऱ्याबाहेर, हौदाकडच्या दाराशी उभी होती, हातात घागर. मी उठून त्याच खांबापाशी गेलो. खांब धरला. दादा म्हणाला, "बस की. वाढायलेत." मी बसलो नाही.

मी म्हणालो, "दादा, जेवायच्या आधी मला बोलायचंय. लेकराच्या कंदुरीचं काळीज मी काढून नेलं होतं. सेलूला, साहेबाला खाऊ घालायला, माझ्या नोकरीपायी. निवदात मी तिल्ली अन् फुप्फुस घातलं. वैनीनं पातेल्यात बघितलं, काळीज दिसंना, म्हणून त्यांना वाटलं त्यांच्या हातानं निवद नासला. त्यांच्या हातानं काहीच नासलं न्हाई. लेकरू टायफाइडनं गेलं, गाडी मिळाली न्हाई म्हणून गेलं. पर वैनी ह्या ओसरीवर बोलल्या तवा मी ह्याच खांबाला टेकून बसलो होतो, अन् गप ऱ्हायलो. मायनं त्यांना जे म्हणलं, ते मला म्हणायला पायजे होतं. माय ते माहीत नसतानाच गेली, तेबी माझ्यामुळं."

मी दाराकडं वळलो. वैनीनं घागर खाली ठेवली होती.

"वैनी," मी म्हणालो, "चूक माझी हाय. इतकी वर्षं मी ती तुमच्या डोक्यावर ठेवली अन् तुमच्या हातचं खात ऱ्हायलो. ह्या समद्यासमोर सांगतो. मला माफ करा."